रायसिंगच्या उशाशी

रविनाचा बाप सुकराम बडवा होता. डोंगरातल्या पाड्यांवर कुणाला ताप भरला, कुणा बाळंतिणीचं दूध आटलं, कुणाच्या मनात भीती शिरली, की माणसं त्याच्या अंगणात येऊन बसायची. तो सुपात दाणे टाकून दुखणं कुठून आलं ते पाहायचा. मग आजाऱ्याच्या उशाशी बसून देवांची नावं घेत लांबलचक गाणं म्हणायचा. त्याच्या नुसत्या आवाजाने माणूस उठून बसतो, असं लोक धडगावच्या बाजारातही बोलत.

घरच्या पोराला मात्र त्या आवाजाने उतार पडत नव्हता. रायसिंगचे हातपाय लहानपणापासून ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. रविना लोणखेड्याला कॉलेजात असताना तिथे रक्ततपासणीचं शिबिर लागलं. तिने भेटायला आलेल्या भावालाही रांगेत उभं केलं. त्याला सिकलसेल निघाला, आईबापाकडून रक्तातून येणारा आजार.

तिथून रविनाची वाटच बदलली. शिक्षिका व्हायचं तिच्या मनात होतं, ते तिने सोडलं. समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं आणि शहाद्याच्या एका दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णांना समजावण्याच्या कामाला लागली. पाणी भरपूर प्या, गोळी चुकवू नका, ताप आला की थांबू नका, दाण्यांच्या नादी लागू नका. पावरीतून, भिलीतून, अहिराणीतून ती हेच सांगायची, आणि शेवटी हसून म्हणायची, "सगळं ठीक होईल."

घरी मात्र तिला भांडावं लागलं.

"लोकांना मी सांगते की बडव्याकडे जाऊ नका, आणि माझाच बाप बडवा!" ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "बा, रायसिंगसाठी तरी सोड."

सुकरामने कोपऱ्यातलं सूप उचललं. मग म्हणाला, "खरंच सोडायचं असेल तर पोरापुरतं सोडून चालत नाही. देवाला अर्धं सोडता येत नाही." त्याने सूप माळ्यावर टाकलं. दारी आलेल्यांनाही तो परत पाठवू लागला. "मुलीकडे जा, शहाद्याला," एवढंच सांगायचा. रविनाला तेव्हा फार आनंद झाला होता.

आणि गोळ्या लागू पडल्या. रायसिंगचं अंग भरलं. होळीला कमरेला घुंगरू बांधून तो नाचला, तेव्हा रमिलाबाईने, त्याच्या आईने, पदराने डोळे पुसले. सुकराम शेजाऱ्याला म्हणाला, "माझ्या मुलीचं खरं निघालं."

पुढच्या थंडीत रायसिंगला ताप आला, छातीत दुखू लागलं. सुकरामने घटकाभरही वाट पाहिली नाही. जीप करून त्याला थेट रविनाच्या दवाखान्यात आणलं. गोळी चुकली नव्हती, पाणी कमी पडलं नव्हतं, उशीर झाला नव्हता. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. "दोन दिवसांत घरी जाशील," ती भावाला म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास लागला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, नंदुरबारला हलवायची तयारी सुरू केली. रायसिंगने बहिणीचा हात ओढला. "ताई, बाला बोलाव. माझ्याजवळ बसून त्याला म्हणू दे. लहानपणी म्हणायचा तसं."

रविना पळतच बाहेर गेली. कोण काय म्हणेल, हे तिच्या मनातही आलं नाही. सुकराम निंबाखाली बसला होता.

"बा, चल. त्याला तुझं गाणं पाहिजे."

सुकराम आत आला, पोराच्या उशाशी बसला. त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं. पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं, आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. 

"येत नाही," तो म्हणाला. "मी देवांना जा म्हटलं होतं, पोरी. ते गेले. आता तूच सांग त्याला काहीतरी. आता तूच आहेस."

रविनाने भावाकडे पाहिलं.  "पाणी पी, रायसिंग," ती म्हणाली. त्याने मान हलवली. तिने चमच्याने त्याचे ओठ ओले केले. ॲम्ब्युलन्स दारात लागायच्या आधीच तो गेला.

क्रियाकर्माला दुसऱ्या गावचा बडवा आला. सुकराम आपल्याच अंगणात पाहुण्यासारखा कडेला बसून राहिला.

रविना कामावर परतली ती नोकरी सोडायचं ठरवूनच. खोलीत बसायची, पण तिला आलेल्या माणसाशी बोलवत नव्हतं. दवाखान्यात झाडलोट करणारी कोरीट गावची सिंधुबाई झाडू बाजूला ठेवून एकदा तिच्याशेजारी टेकली.

"मन्हा पोऱ्या गया तवय समदा माले समजाडेत. देवनी मर्जी शे, अमुक शे, तमुक शे. एक बाई नुसती मन्हाजोडे बशी ऱ्हायनी, काहीच बोलनी नही. तिनंच तोंड माले याद शे." समजावणाऱ्यांतलं कुणी तिला आठवत नव्हतं, नुसती जवळ बसलेली ती बाई तेवढी आठवत होती.

त्याच आठवड्यात तोरणमाळकडची एक बाई, जागृती, लेकीला घेऊन आली. पोरीचं दुखणं तेच. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, माझी पोर जगेल ना?"

'सगळं ठीक होईल' हे रविनाच्या जिभेवर आलं, पण तिने ते गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ रोज गोळी घ्यायचा, तरी गेला. पण गोळीमुळे त्याला चांगले दिवस मिळाले. तो नाचला. म्हणून मी तुला सांगते, गोळी चुकवू नको."

जागृती रडायला लागली. रविना उठून तिच्या बाजूला जमिनीवर बसली. बाहेर रांग थांबली होती, ती थांबू दिली. जागृतीचं रडू ओसरल्यावर तिने विचारलं, "घरी देवाचं म्हणणारं कुणी आहे?"

"हिचा आजा."

"त्याला म्हणू दे. गोळीही चालू ठेव आणि त्याचं म्हणणंही. पुढच्या वेळी त्याला घेऊन ये." मग तिने डॉक्टरांशी बोलून वॉर्डात म्हाताऱ्या माणसांना उशाशी बसून देवाचं म्हणायची परवानगी मिळवली.

नोकरी तिने सोडली नाही. डोंगरातून लोक तिलाच शोधत यायला लागले.

सुट्टीत ती घरी गेली. सुकराम अंगणात मका सोलत होता. तिने त्याला जागृतीचं, त्या आज्याचं सगळं सांगितलं. 

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या लेकरांना उपयोग होईल."

"बा, तूही पुन्हा..."

त्याने मान हलवली. "नाही गं. मी रोज पहाटे रानात जाऊन म्हणून पाहतो. दुसऱ्या नावापुढे काही येत नाही."

ती त्याच्याशेजारी बसून कणीस सोलायला लागली. त्याने हातातल्या कणसावरची नजर न काढता विचारलं, "शेवटी त्याला फार दुखलं का गं? मला बघवलं नाही."

रविनाचा हात थांबला. आत रमिलाबाईची भाकरी थापायची थपथपही थांबली होती.

"हो, बा," ती म्हणाली. "फार दुखलं."

सुकरामने कणीस खाली ठेवलं आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा तो मोठ्याने रडला.  रविना तशीच त्याच्याजवळ बसून राहिली.