खोडण्याआधीची चौकशी

वाडीच्या गोदामात चाळीस मिनिटांपासून एकही बिल्टी, म्हणजे मालासोबत जाणारी पावती, निघाली नव्हती. बिल्टीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. सात ट्रक भरून उभे होते.

"काहून वं श्वेता, पडदा फिरूनच राहिला," व्यवस्थापक धर्मेंद्रभाऊ दारातूनच म्हणाले. "चारपर्यंत निस्तरलं नाही, त उद्या बुटीबोरीचं गोदाम जोडणं रद्द. जुनाच प्रोग्राम लावतो."

नवी प्रणाली श्वेताने दोन वर्षे खपून उभी केली होती. बुटीबोरी जोडण्याआधी यादीतील अकराशे दुबार ग्राहक काढणे भाग होते. सकाळी तिने त्यांच्या बिल्ट्या मूळ नावांवर वळवल्या होत्या आणि जेवणाच्या सुटीत दुबार नावे खोडायला लावली होती. तेव्हापासून सारे यंत्र त्यातच गुंतले होते.

तिने ते काम थांबवले. बिल्ट्या निघू लागल्या. मग एकच ग्राहक खोडून पाहण्याची चाचणी घेतली आणि कोणत्या पायरीला किती वेळ लागतो ते मोजले. नाव खोडणे क्षणाचे होते. त्यामागची चौकशी अडीच सेकंदांची. बिल्टी शिल्लक असलेला ग्राहक खोडता येऊ नये, असे बंधन तिनेच प्रणालीत घातले होते. म्हणून ग्राहक खोडण्यापूर्वी यंत्र बिल्ट्यांच्या तक्त्यात पाहते, याची एखादी बिल्टी शिल्लक तर नाही? त्यासाठी ते चाळीस लाख बिल्ट्या पहिलीपासून शेवटपर्यंत वाचत होते. अकराशे वेळा.

"ते बंधनच काढून टाक ना," भाऊ म्हणाले. "खोडायचंच आहे, त विचारायचं कायले?"

"आणि कोणाचा माल पडून असला तर, भाऊ?"

"सकाळीच वळवलं म्हणतेस ना सगळं."

श्वेताने तोवर बिल्ट्यांच्या तक्त्याची रचना उघडली होती. तिला चूक सापडली होती. पूर्वीचा डेटाबेस असे बंधन घालताच बिल्टीतल्या ग्राहक क्रमांकाची सूची आपणहून बांधत असे. सूची असली की सगळ्या बिल्ट्या न वाचता हवी ती थेट सापडते. तीन महिन्यांपूर्वी आणलेला नवा डेटाबेस ती बांधत नाही. ती सांगून बांधवावी लागते. तिने गृहीत धरले होते, तपासले नव्हते.

बिल्ट्या चालू असतानाच सूची बांधण्याची आज्ञा तिने दिली. चार मिनिटे लागली. मग पुन्हा खोडायला लावले. सहा सेकंदांत उत्तर आले: नकार. एका ग्राहकाच्या नावे बिल्टी शिल्लक होती, म्हणून एकही नाव खोडले गेले नव्हते.

"हिंगण्याची पार्टी आहे. बुकिंगवरच्या मोहितने साडेअकराला दुबार नावावर बिल्टी काढली, मी वळवल्यानंतर."

भाऊ मालाच्या रॅककडे गेले आणि सावकाश परतले.

"तेरा पेट्या हायेत बेअरिंगच्या. तुह्यं बंधन काढलं असतं, त ह्या कोणाच्या म्हणून मले रॅकलेच विचारा लागलं असतं."

"रॅक बोलत नाही, भाऊ."

"मोहित बोलते. त्याले पाहतो मी."

श्वेताने ती एक बिल्टी मूळ नावावर वळवली आणि आज्ञा तिसऱ्यांदा दिली. या वेळी नकार आला नाही. अकराशे नावे गेली. शेजारच्या मेजावर बिल्टीचा प्रिंटर खरखरतच राहिला, क्षणभरही अडखळला नाही.

तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. तिने कितीतरी वेळाने खुर्चीला पाठ टेकली.

"बुटीबोरीवाल्यायले सांगतो," भाऊ फोन काढत म्हणाले, "सकाळी आठले तयार राहा. आन् तू पहिले जेव वं."