नवसाच्या एडक्याला लोढणं

गोदाबाईचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि तापायला कारणही तसंच होतं. उखर्डू पाटलाचा एडका काट्यांचं कुंपण मोडून पुन्हा तिच्या मेंढवाड्यात शिरला होता. चाऱ्याशी उभ्या असलेल्या काळ्या मेंढीच्या बरगडीत त्यानं टक्कर हाणली आणि वर तिचाच चारा खात उभा राहिला. मेंढीचे दिवस भरत आले होते. दुपार होईतो तिनं मेलेलं कोकरू टाकलं.

गोदाबाईकडे चारच मेंढ्या, चारही गाभण. नवरा गेल्यापासून त्यांच्या लोकरीवर आणि कोकरांवर तिची चूल पेटायची.

दापोऱ्यात ज्याला मेंढरं पाळायची अक्कल आहे त्याला एवढं ठाऊक असतं, की मेंढ्या गाभण राहिल्या म्हणजे एडक्याचं काम संपलं. मग त्याला वेगळा बांधावा, नाही तर गळ्यात लोढणं अडकवावं. पुढच्या पायांत ओंडका लोंबत असला की धाव घेता येत नाही, आणि धाव नाही तर टकरीत जोर नाही. तिच्या नवऱ्यानं केलेलं बाभळीचं लोढणं अजून खुंटीला होतं.

पण हा एडका नवसाचा! पाटलाची सून मालू पहिलटकरीण. नातू झाला तर एडका देवीला, असा पाटील नवस बोलला होता, आणि वर स्वतःचं शास्त्र काढलं होतं: नवसाच्या जनावराला बांधलं तर बाळंतीण अडते. झालं! हरभरा खाऊन माजलेलं ते धूड गावभर मोकळं. बऱ्हाणपूरहून दौऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबाचा घोडासुद्धा खुंट्याला असायचा. पाटलाचा एडका साहेबाच्याही वरचा.

मागे एकदा गोदाबाई पदर सांभाळून विनवायला गेली होती. "पाटील, माह्या मेंढ्या भरल्या पोटाच्या आहेत. त्या विईपर्यंत त्याले लोढणं घाला."

पाटील पानाला चुना लावत म्हणाला, "देवाचं जनावर आहे ते, गोदाबाई. देवाले काय लोढणं घालतात?" आणि ओट्यावरची टाळकी खो खो हसली.

आज ती विनवायला निघाली नाही. कोकरू तिनं लिंबाखाली पुरलं, हात धुतले, खुंटीचं लोढणं खांद्यावर टाकलं. एडका कुंपणापाशीच रेंगाळत होता. मुठीतले दाणे दाखवत तिनं त्याला थेट पाटलाच्या दारात आणला.

"पाटील, बाहेर या! तुमच्या देवानं माह्या मेंढीचा गाभ पाडला!"

पाटील काठी टेकत ओट्यावर आला. "तोंड सांभाळ. तुह्यं नशीब ते."

"नशिबाले शिंगं असतात का, पाटील?"

तेवढ्यात मालू भिजल्या हरभऱ्याची पाटी घेऊन बाहेर आली. एडक्याला रोज तीच खाऊ घालायची. जड अंगानं ती पाटी ठेवायला वाकली, आणि वाकलेलं माणूस म्हणजे एडक्याला टकरीचं आवतणच. तो मान खाली घालून दोन पावलं मागे सरला. त्या दोन पावलांचा अर्थ गोदाबाईला कळत होता. खांद्यावरचं लोढणं टाकून तिनं त्याच्या मागच्या तंगडीवर झडप घातली. फरफटत गेली, पण तंगडी सोडली नाही. मालू किंचाळून भिंतीला टेकली. पाटलाची काठी एडक्याच्या टाळक्यात बसली, एकदा नाही, चांगली तीन-चारदा.

"बांधा रे त्याले! दोर आणा! बांधा!"

गोदाबाई उठली. कोपर सोलून निघालं होतं. रागानं तिचा आवाज फाटला.

"नका बांधू, पाटील. बाळंतीण अडेल ना!"

दोर घेऊन आलेला गडी जागीच थांबला.

"देवाले काठी मारली तुम्ही. माह्या दारात तो देव, अन् तुमच्या दारात जनावर? माह्या मेंढीच्या पोटात काय गोटे होते?"

पाटील बांध म्हणेना, नको बांधू म्हणेना. मार खाल्लेला एडका गुंगीत उभा होता.

मालू भिंतीपासून हलली. सासऱ्यापुढे तिनं आजवर मान वर केली नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मातीत पडलेलं लोढणं दोन्ही हातांनी उचललं.

"सूनबाई, शिवू नको!" पाटील ओरडला. "अडशील!"

"अडले तर मी अडीन, मामाजी," ती म्हणाली. "मेंढ्या कायले मरतील?"

लोढण्याची दोरी तिनं एडक्याच्या गळ्यात टाकली, पण गाठ बसेना. गोदाबाईला तिचाही राग होता. हरभरा चारून एडका माजवला तो हिनंच. तरी तिनं पुढे होऊन एडक्याची दोन्ही शिंगं घट्ट धरली.

"दोन वेढे घे, बाय," ती म्हणाली. "माह्या घरी तीन गाभण उरल्यात अजून."