‘तातडीचे’ लिहिलेली लाल पट्टी

मी एक जुनी लाल पट्टी आहे. जाड पुठ्ठ्याची, वीतभर लांब, आणि अंगावर ठळक अक्षरांत एकच शब्द : ‘तातडीचे’. मित्रांनो, देशाचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीत, आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर माझा जन्म खर्ची पडला.

सरकारी छापखान्यात मला कापलं, भोक पाडून दोरी ओवली. खात्याच्या वाट्याला आम्ही अवघ्या पाच बहिणी आलो. कुठे साथ पसरली, औषधं संपली, तरच आम्हाला फाइलीला बांधत. मग शिपाईकाका धावत सुटायचे आणि मोठे साहेब जेवणाचा डबा बाजूला सारून फाइल उघडायचे. सारा देश माझ्याच दोरीला टांगलाय, असं मला वाटायचं. वयच तसं होतं.

पुढे देशाची दुखणी वाढली. प्रत्येक टेबलाला आपलंच दुखणं मोठं. माझ्या बहिणी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येऊ लागल्या. रजेचा अर्ज तातडीचा, पंख्याची दुरुस्तीही तातडीची. साहेबांच्या डाव्या हाताला लाल ढीग चढत गेला. साहेब बिचारे उजवीकडच्या चार-दोन बिनपट्टीच्या फाइली आधी हातावेगळ्या करत. तेवढंच काही संपवल्याचं समाधान. शिपाईकाका म्हणायचे, घरात सगळेच आजारी पडले तर पाणी कुणी कुणाला द्यायचं?

एका सकाळी खाणीजवळच्या वस्तीतली नर्स आली. तिची ही तिसरी खेप. खाणीचं पाणी विहिरीत उतरलं होतं आणि ते पिऊन पोरांच्या पायांतली ताकद जात होती. अकरा पोरं अंथरुणाला खिळली होती. तिच्या फाइलीला मीच बांधलेली होते, पाच महिने, ढिगाच्या पोटात.

"ताई, तुम्हीच म्हणालात, लाल पट्टी लावलीय, काळजी करू नकोस," ती फाइलींची नोंद ठेवणाऱ्या बाईंना म्हणाली.

"लावली गं. तिथंच चुकले."

बाई उठल्या. ढिगातून फाइल उपसली, माझी गाठ सोडली आणि फाइल उघडीबोडकी उजवीकडे नेऊन ठेवली. हे नियमात बसतं का, असं शिपाईकाकांनी हळूच विचारलं. बाईंनी मला आपल्या खणात टाकलं.

चहाच्या आधी साहेबांनी ती उघडली. वाचली, पुन्हा वाचली, आणि घंटी वाजवून बाईंना बोलावलं.

"एवढी गंभीर बाब, आणि हिला लाल पट्टी का नाही?"

"होती, साहेब. म्हणून तर पाच महिने तुम्हाला दिसली नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी वस्तीत पाण्याचे टँकर गेले, मागोमाग डॉक्टर. दहा पोरं हळूहळू चालू लागली. अकरावी मुलगी अजून भिंत धरूनच चालते. पाच महिने आधी कळलं असतं तर तीही चालली असती, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

पट्ट्या जपून वापराव्यात, असं परिपत्रक निघालं. त्यालाही कुणीतरी लाल पट्टी लावली.

मी आता बाईंच्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली असते. वाईट वाटतं, पण माझं नाही, त्या मुलीचं. मित्रांनो, उद्या त्या खुर्च्यांवर तुम्ही बसाल. मला जरूर वापरा, पण बांधण्याआधी फाइल पुरती वाचा. आणि माझ्यावर सोपवून घरी जाऊ नका. मी पुठ्ठ्याची आहे. मला उठून साहेबांच्या दारापर्यंत चालत जाता येत नाही. तुम्हाला येतं.