मशीनवरचे निळे कव्हर

खेळाच्या गणवेशाची मापे घ्यायचा दिवस असला की टेलरमास्तरांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दुकान कसले, घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला कापायचे टेबल, त्याच्यामागे दोन मशिनी, त्यांच्यामागे पडदा आणि पडद्याआड स्वयंपाकघर. मुलींच्या शाळेचा खेळाचा गणवेश गेली वीस वर्षे मास्तरच शिवत होते. निळी हाफ पँट, निळे जाकीट, दोन्हींच्या कडेला पांढरी पट्टी. ज्यांना खेळायचे असेल त्यांनीच तो शिवून घ्यायचा, असा शाळेचा नियम होता.

मास्तर टेप लावून आकडे सांगत आणि थोरली मुलगी ते वहीत उतरवून घेई. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. नाव तेवढे मागे राहिले होते. आता ती चोवीस वर्षांची होती आणि दिवसाचे नऊ तास मशीनवर बसलेली असे.

पाचवीच्या मुलींची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एक टेपखाली उभी असतानाही उड्या मारत होती. "हलू नकोस गं, नाहीतर तुझी पँट तुझ्या मैत्रिणीला होईल," असे मास्तर म्हणाले आणि रांगभर खसखस पिकली. पाचवीच्या अडतीस झाल्या, सहावीच्या तेहतीस, सातवीच्या एकवीस. आठवीच्या अकरा जणी आल्या त्या खांदे पुढे काढून, एकमेकींच्या आड लपत. त्यांतच मास्तरांची धाकटी होती, पण ती काही लपत नव्हती. नववीच्या तिघी आल्या.

"दहावीच्या?" मास्तरांनी विचारले.

"कोणी नाही," भिंगरी म्हणाली आणि तिने वही मिटली.

कोणाला त्याचे काही वाटले नाही, कारण दरवर्षी असेच होते. साथ येऊन एवढ्या मुली दगावल्या असत्या तर केवढा बोभाटा झाला असता. इथे त्या फक्त धावायच्या थांबल्या होत्या, आणि त्याला आपण मुलगी मोठी झाली असे म्हणतो. पेढीवरचा कारकून म्हणतो, शाळेतल्या बाई म्हणतात, मुलींच्या आयासुद्धा म्हणतात, आणि म्हणताना सगळ्यांचा आवाज अगदी समजूतदार असतो.

भिंगरीही अशीच मोठी झाली होती. तेरा वर्षांची होईपर्यंत ती शाळेत चारशे मीटर धावायची. दुकानातून दोरा आणायला पाठवले तर पळत जायची आणि पळत यायची. शेजारीण म्हणायची, हिला चालता येतं की नाही हे एकदा बघायला पाहिजे. मग एके दिवशी तिला पाळी आली. आईने तिला काय घ्यायचे, कसे घ्यायचे ते दाखवले आणि शेवटी सहज सांगितले की आता मैदानावर जायचे नाही. संध्याकाळी मास्तरांनी तिचे जाकीट आणि पँट ब्लेडने उसवली. कापड चांगले होते, वाया घालवणे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते. त्यातून त्यांनी मशीनवर घालायला एक कव्हर शिवले. कडेची पांढरी पट्टी त्यांनी मोठ्या कौशल्याने बरोबर मधोमध आणली होती. आईने कौतुकही केले.

मास्तर दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येते.

भिंगरी तेव्हा रडली नाही. आठवडाभर संध्याकाळी पाच वाजले की तिचे पाय आपोआप दाराकडे जात, मग तेही राहिले. पुढे शाळा संपली आणि ती त्याच मशीनवर बसू लागली. रोज सकाळी ते निळे कव्हर काढून घडी घालायची आणि संध्याकाळी परत घालायची. अकरा वर्षांत तिला त्या पट्टीकडे पाहून काहीही वाटेनासे झाले होते. माणूस एवढा बधिर होऊ शकतो यावर विश्वास बसत नसेल त्यांनी आपापल्या घरातल्या बायकांना, तुम्ही लहानपणी काय खेळायचात, एवढेच विचारून पाहावे. उत्तर यायला बराच वेळ लागतो.

तिचा भाऊ, दादा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला कोणी कधी अडवले नाही. सोळाव्या वर्षापर्यंत तो चेंडूमागे उन्हातान्हात धावला, मग परीक्षा आल्या, मग गोदामातली नोकरी आली, आणि त्याचा खेळ त्याचा तोच सुटला. आता तो रात्रीच्या जेवणानंतर पोटावर उशी ठेवून फोनवर सामने बघे आणि खेळाडूंना शिव्या देई. पण उद्या सकाळी त्याला पुन्हा बूट घालावेसे वाटले असते, तर आईने ते पुसून दारात ठेवले असते. दोघांच्या थांबण्यात फरक होता तो एवढाच.

चोविसाव्या वर्षी मात्र घराला भिंगरीच्या शरीराची अचानक आठवण झाली. आत्या तिच्यासाठी स्थळ घेऊन आली होती. मुलाकडच्यांनी फोटो पाहून मुलगी जरा अंगाने जास्त आहे असे कळवले होते. त्यातच कापडाचा तागा वर नेताना दुसऱ्या जिन्यावर तिला धाप लागली आणि ती मटकन खाली बसली. डॉक्टरांनी तपासून विचारले, व्यायाम काय करता? आईला हसू आले. घरात एवढं काम असताना व्यायाम कशाला, असे ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. रोज तासभर चाला, असे त्यांनी कागदावर लिहून दिले.

मग आत्याने फर्मान काढले की हिला चालवा, पण रस्त्यावर नको, लोक विचारतात. म्हणून भिंगरी गच्चीवर चालू लागली. पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत, परत टाकीपर्यंत, रोज साठ फेऱ्या. ज्या पायांना तेराव्या वर्षी धावू दिले नव्हते, त्यांनाच आता बारीक होण्यासाठी जुंपले होते. गच्चीवरून शाळेचे मैदान दिसे. तिथे धाकटी धावत असे. भिंगरी तिच्याकडे बघे, फेरी मोजे आणि वळे.

स्थळाचे जमत आले तेव्हा आत्याने मास्तरांना बाजूला घेऊन आणखी एक सांगितले. मोठीचं ठरेपर्यंत धाकटीला मैदानावर नाचवू नका, ती माणसं जुन्या वळणाची आहेत. मास्तरांनी मान डोलावली. शर्यती शनिवारी होत्या. बुधवारी धाकटीला पाळी आली, आणि सगळ्यांचेच काम सोपे झाले.

संध्याकाळी आई धाकटीची पँट आणि जाकीट घेऊन पडद्यातून पुढे आली. दोन आठवड्यांपूर्वी भिंगरीनेच ते शिवले होते. पोर वाढीला लागली आहे म्हणून शिवणीत दोन बोटे माया ठेवली होती, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढे कापड सोडून गणवेश मोठा करता आला असता.

"हे उसवून ठेव," आई म्हणाली. "तुझं कव्हर विरलंय नाहीतरी. नवीन होईल."

धाकटी पडद्याशी उभी होती. तिचे डोळे सुजले होते. बोलायचे ते तिचे दुपारभर बोलून झाले होते आणि आईने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले होते.

भिंगरीने टेबलावरचे ब्लेड उचलले. पँट उलटी केली, पहिला टाका शोधला. हात सवयीचा होता. त्या टाक्याशी येऊन तो थांबला. तिला राग आला नव्हता, रडूही येत नव्हते. फक्त अकरा वर्षांपूर्वी बाबांचा हात नेमका याच ठिकाणाहून सुरू झाला होता हे तिला आठवले, आणि ब्लेड पुढे जाईना.

तिने ते टेबलावर ठेवले.

"मी नाही उसवणार," ती म्हणाली. बटणे संपली आहेत हे सांगावे तशा आवाजात ती हे म्हणाली.

"दे इकडे, मी उसवतो," मास्तर म्हणाले.

भिंगरीने पँट मांडीखाली घेतली. मग मशीनवरचे कव्हर काढून त्यांच्यापुढे ठेवले. "आधी हे उसवा. ह्याची माझी पँट परत शिवून द्या. मग हिची घ्या."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मला धावायचं होतं, बाबा."

एवढे वाक्य बोलायला तिला अकरा वर्षे लागली होती. ते बाहेर पडल्यावरही तिला मोकळे वगैरे वाटले नाही. मास्तर कव्हरावरच्या पट्टीकडे बघत राहिले.

आईच मध्ये पडली. "मीपण दोरीवर उड्या मारायचे. दोनशे दोनशे. मला कोणी विचारलं होतं? बायकांचं असंच असतं."

"म्हणून तर तू तरी विचार ना, आई."

आई कधी नव्हे ते खुर्चीवर बसली.

मास्तरांनी शेवटचे शस्त्र काढले. स्थळ हातचे जाईल, आत्याने इतकी खटपट केली आहे, तुझ्याचसाठी चाललं आहे हे सगळं. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट तो केविलवाणा झाला होता. भिंगरीने मापांची वही उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"पाचवीच्या अडतीस, नववीच्या तीन. सगळ्यांची मापं आपणच घेतली, बाबा. बाकीच्या कुठे गेल्या हे आपण कधी विचारलं नाही. माझ्या लग्नासाठी हिचं बंद करायचं असेल, तर माझं नका ठरवू."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि ते आत गेले. पँट भिंगरीच्या मांडीखालीच राहिली.

शनिवारी सकाळी ती धाकटीला घेऊन मैदानावर गेली. मांडीत दुखतंय म्हणून धाकटी कुरकुरत होती. खेळाच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले, गरम पाणी प्यायला दिले आणि जमेल तेवढंच धाव म्हणाल्या. चारशे मीटरला ती पाचवी आली. सहा जणी होत्या. अंतिम रेषेवर ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि हसली. पाचवी आलेली मुलगी एवढी कशाला हसते, असे कोणालाही वाटले असते.

मैदान रिकामे झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तू एक फेरी मार ना. कोणी नाही इथे."

भिंगरीने चपला काढल्या. ती धावू लागली. डोक्यात सगळे नीट होते, वळणावर आतल्या बाजूला कसे झुकायचे तेही आठवत होते. पण पहिल्या वळणाच्या आधीच छातीत कळ आली, पाय जड झाले आणि ती थांबली. शंभर पावलेही झाली नव्हती. तिच्याकडून जे काढून घेतले होते ते नुसते ठेवून दिलेले नव्हते, ते संपले होते, हे तिला त्या मातीत उभे असताना समजले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला रडू आले. ती बराच वेळ रडली आणि धाकटी तिच्या चपला हातात घेऊन शेजारी उभी राहिली.

फाटकापाशी मास्तर उभे होते. कधी आले कोण जाणे. वीस वर्षे त्यांनी धावायचे कपडे शिवले होते, पण ते घालून कोणी धावताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते दोघींच्या मागे मागे घरी आले.

स्थळाकडून सोमवारी नकार आला. आत्या बोलायची ती बोलून गेली. भिंगरीला काही वाटले नाही, आणि हे बधिरपण आधीचे की वेगळे हे तिचे तिलाही सांगता आले नसते. गच्चीवर जाणे तिने बंद केले. सकाळी सहाला ती मैदानावर जाऊ लागली. पन्नास पावले धावायची, दीडशे चालायची.

आठवड्याने मास्तरांनी निळ्या कापडाचा तागा टेबलावर टाकला. "भिंगरी, इकडे ये," ते म्हणाले. तिच्या कमरेला टेप लावून त्यांनी आकडा सांगितला, आणि मग त्यांच्या लक्षात आले की लिहून घेणारी टेपखालीच उभी आहे.

"मी लिहिते," धाकटी म्हणाली. तिने वही ओढली, नवे पान उघडले, आणि पेन्सिल पानाच्या डोक्यावर नेऊन ती थांबली. शाळेच्या मापांत पहिला रकाना इयत्तेचा असतो.

"बाबा, इयत्ता कोणती लिहू?"

मास्तरांनी टेप पुन्हा लावली. आकडा त्यांनी पाहिलेलाच होता, तरी ते बराच वेळ पाहत राहिले.

"सातवीपासून राहिलंय तिचं," ते शेवटी म्हणाले. "सातवी लिही."