भंडारा उचलून सांगितलेलं

मला चौकशीची खोडच हाय. आई म्हणायची, ही इंद्रायणी यमालासुद्धा विचारील, रेडा कुठनं आणला म्हणून. तर धुळाजीकडून हे घर घेताना मी सतरा गोष्टी विचारल्या. छत गळतं का, शेजारी कसे हायेत, आन घराखाली एखादा आड बुजवलेला तर न्हाई ना? माझ्या मामाचं घर असंच जुन्या आडावर बांधलेलं. एका दुपारी सैपाकघर खाली बसलं, चुलीसकट.

धुळाजी आमच्याच समाजाचा, दूरचा पाहुणा. "वहिनी, आड-बिड काही न्हाई," म्हणला. मी म्हणलं, मंग चल बिरोबाच्या देवळात आन भंडारा उचल. ती हळद हातात घेऊन आमच्यात कोणी खोटं बोलत न्हाई. त्यानं उचलला. त्याच्या आईनं, गोजरबाईनंच, ताटातून त्याच्या हातावर ठेवला. माझे मालक शिवशंकर म्हणले, "आता काय राह्यलं?" खरेदीखत झालं, त्यात आडाबद्दल एक अक्षर न्हाई. भंडारा उचलल्यावर कागदावर लिहून मागायचं म्हणजे देवावरच संशय, असं वाटलं आम्हाला. सासऱ्यांची सगळी मेंढरं विकून हे घर घेतलेलं.

उन्हाळ्यात मी मागच्या खोलीत मिरच्या कुटायला बसले. पुढच्या खोलीत मुसळ ठक ठक वाजायचं, इथं ढम ढम. अगं बाई! उखळ सरकवलं. भिंतीपाशी ठक, मधोमध ढम. मला काही राहवेना. तडकलेल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. गायब! मंग हंडाभर ओतलं, तेही गेलं. खोटं कशाला बोलू, आधी मला गंमतच वाटली.

मालक एमआयडीसीतून कामावरून आले. त्यांनी फरशी उचलली आन लांब सळई आत घातली. ती जातच राह्यली. हातातून सुटली, तर खाली पडल्याचा आवाज लई उशिरा आला. त्या खोलीत आमची छकुली निजायची. तवा मात्र माझी गंमत संपली. पोरीचं अंथरूण मी ओढून बाहेर काढलं आन दाराला कुलूप घातलं.

धुळाजीला फोन केला. "जुन्या गोष्टी मला काय माहीत? कागदावर कुठं लिहिलंय?" म्हणला. चोर तो चोर, वर शिरजोर!

जालन्याच्या कोर्टात प्रियदर्शनी नावाच्या वकीलबाई गाठल्या. वाटेत मालकांनी बजावलं, "भंडाऱ्याचं काढू नको, हसतील." बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "विकणाऱ्यानं जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल, तर खरेदी रद्द करून मागता येते. नाहीतर घर ठेवून नुकसानभरपाई. खोटं उघडकीला आल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. पण तो खोटं बोलला, आणि त्याला खरं माहीत होतं, हे दाखवणार कसं?"

"अहो, भंडारा उचलला की त्यानं!" माझ्या तोंडून निघालंच.

बाई हसल्या न्हाईत. लिहिता लिहिता थांबल्या. "कुणासमोर?"

बघा, आम्ही देवाच्या भरवशावर बसलो होतो, आन बाईंना माणूस पाहिजे होतं. आम्ही दोघं तर दावा लावणारे; तवा समोर असलेला पुजारी गेल्या साली वारला. उरली एकटी गोजरबाई.

"आई कशाला पोराविरुद्ध बोलल?" मालक म्हणले. मलाही तेच वाटलं. पण विचारल्याबिगर कसं कळंल?

रविवारी म्हातारी बिरोबाला येते. तिथंच गाठलं आन सरळ विचारलं, "मावशी, आड होता का न्हाई?" तिनं पायात चपला सरकवल्या आन माझ्याबरोबर घरी आली. मी कुलूप काढलं. उचललेली फरशी मी परत लावून वर पोतं टाकलं होतं, तरी ती बराबर तिथंच जाऊन थांबली.

"इथं रहाट होता. नवी नवरी आल्ते, तवा पहिला हंडा इथनंच भरला. बुजवला तवा धुळाजी चांगला कळता होता. अर्धाच भरून वर फरशी टाकली; दगडं त्यानंही टाकली."

माझं डोकंच फिरलं. "मंग देवळात तोंड का शिवलं होतं तुम्ही? माझी लेक इथं निजत होती, मावशी! इथं!"

म्हातारीनं पोतं बाजूला केलं, फरशी सरकवायला लावली आन बराच वेळ खाली अंधारात बघितलं.

"पोटचं पोर हाय, सूनबाई. म्हणलं, खोटं बोलला तर देव बघून घेईल." तिनं पदरानं डोळे पुसले. "देवावर सोडलं म्या, आन तुझी लेक जात होती."

मला एकदम रडू आलं. मी तिला बाहेर आणून बसवलं, पाणी दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला.

"वकिलीणबाईकडं कवा जायचं?" तिनं विचारलं. "फक्त एक कर. तिथं माझ्या हातात भंडारा देऊ नको. मी तसंच खरं सांगते."