उभ्या पिकात

साधनाबाईंनी वायरलेस किसनरावांच्या हातात कोंबला.

“तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाहीये.”

अकोल्याबाहेरच्या या माळावर ग्लायडर शिकवणाऱ्या साधनाबाईंचा आवाज कधी असा कापला नव्हता. आज किसनरावांची प्रणाली एकटी वर गेली होती. आता हवेनं आधार सोडल्यासारखं तिचं ग्लायडर भराभर खाली येत होतं. ते माळापर्यंत पोचणार नाही, हे किसनरावांनाही दिसत होतं. वाटेत शेजारच्या जानरावांचा हरभरा होता, घाट्यांवर, शेंगा भरत आलेला.

“प्रणाली, बाबा बोलतो.”

“बाबा, खाली जानरावकाकाचं पीक उभं हाय. माळाकडं वळवून पाहू का?”

उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, धुऱ्यानं, बांधावरून जायचं, हे दोन्ही लेकरांना त्यांनीच शिकवलं होतं. एकदा तर शिवमच्या पाठीवर तुराटी मोडली होती. मागच्या माघात उडताना शिवमचं ग्लायडर वर ओढणारा दोर तुटला. समोर गहू होता. सरळ उतरला असता तर वाचला असता, असं चौकशीवाले म्हणाले. तो माळाकडे वळला, पंख कलला आणि सगळं संपलं. तेव्हापासून त्याची आई मैनाबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. माळावर तर त्या फिरकल्याच नव्हत्या.

“वळू नको!” किसनराव ओरडले. “घाल हरभऱ्यात! तुडव सारा! मी सांगून राहिलो, तुया बाप!”

ग्लायडरचं नाक सरळ झालं. ते हिरव्या रानात शिरलं, पोटावर घासत गेलं, ढेकळं उडवत थांबलं. काचेचं झाकण उघडलं. प्रणालीनं दोन्ही हात उंच केले.

किसनराव धावत सुटले, धुरा सोडून, नाकासमोर.

जानराव फावडं घेऊन आलेच.

“किसनभाऊ, वावर झोपवलं ना राजा!” मग त्यांना प्रणाली दिसली, केसांत पाला अडकलेली, हसणारी. “पोरीले लागलं?”

“खरचटलं बी नाही.”

“मंग उरलेलं काहून ठेवलं?”

किसनराव इतक्या मोठ्यानं हसले, की फोन वाजतोय हे प्रणालीला सांगावं लागलं. मैनाबाईंचा होता.

“लोक म्हणून राहिले, विमान पडलं...”

“पडलं नाही. उतरलं. पोरगी खुशाल हाय.”

“कुठं उतरलं?”



“उभ्या हरभऱ्यात. मीच सांगतलं.”



“बरं केलं तुमी,” मैनाबाई म्हणाल्या. “आता उनात उभे नका राहू. सावलीत बसा. येतो मी.”

त्या वावरात सावली एकच होती. किसनराव पंखाखाली जाऊन बसले.