दहा घोट

"जखमा अगदी सुरेख भरल्यात," माझ्या दादाच्या पोटावर वाकून सर्जन म्हणाले. "आंबट पाणी वर येतं का आता?"

"नाही," दादा म्हणाला.

"झालं तर मग! ऑपरेशन यशस्वी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. यशस्वी म्हणे! तीन महिन्यांत माणूस चौदा किलोंनी उतरलाय. वहिनी सगळं पातळ करून देते, ते हा अर्धा तास घेऊन बसतो, आणि शेवटी बेसिनवर जाऊन जसंच्या तसं बाहेर काढतो. पाहुण्यांकडे जेवायला जाणं तर त्याने सोडूनच दिलंय.

मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास दादाच्या हातात दिला. "पी. साहेबांना बघू दे."

"बाहेर पेशंट खोळंबलेत हो."

"खोळंबू द्यात!"

तीन घोट गेले. चौथ्याला दादाने छाती धरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावला. वहिनी मागोमाग गेली.

"सूज असते थोडी. उतरेल हळूहळू."

"तीन महिने कसली सूज? काहीतरीच काय सांगताय!" मी फाईलमधून रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे आपटला.

तो ऑपरेशनआधी मीच तयार केलेला होता. याच हॉस्पिटलात मी नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेचा जोर मोजते. पेशंटला दहा घोट पाणी द्यायचं आणि प्रत्येक घोट अन्ननलिका किती जोराने खाली ढकलते ते बघायचं. दादाच्या सात घोटांना ती ढिम्म हलली नव्हती. अशा माणसाचं आंबट पाणी थांबवायला जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती अर्धाच गुंडाळावा, पूर्ण आवळला तर घास ढकलायचा कोणी? आणि यांनी आजवर सरसकट चारशे जणांचा आवळला तसाच माझ्या भावाचाही आवळला.

सर्जनांनी पानं उलटली. आवाज जरा खाली आला. "दहातले सात घोट फसलेत, हे आकडे आहेत. पण पूर्ण गुंडाळू नका, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिणार कशी? दोन वर्षांपूर्वी एका बाईंच्या रिपोर्टवर लिहिलं, तर सगळ्या स्टाफसमोर म्हणालात, नळीवाल्यांनी नळी घालावी, अक्कल पाजळू नये. तेव्हाच कानाला खडा लावला. आमच्या खोलीत आता सगळे नुसते आकडे लिहितात."

"अहो, पण हा तुमचा सख्खा भाऊ! तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

तीन महिने मी यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. हा प्रश्न मात्र त्यांनी त्या भांडणांत कधी विचारला नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी हे मला जिन्यात भेटले होते. सांगावं म्हणून मी दोन पायऱ्या चढलेसुद्धा. सोबत चार शिकाऊ डॉक्टर होते. परत सगळ्यांसमोर अपमान कशाला, रिपोर्ट वाचतीलच की, असं म्हणून मी मागे फिरले.

"परत उघडा आणि अर्धं करा," मी म्हणाले. "या वेळी मी सही करून लिहून देते."

"पुढच्या आठवड्यात घेऊ," ते रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले.

बेसिनचा नळ कधीच बंद झाला होता. दादा रुमालाने तोंड पुसत माझ्यामागे उभा होता.

"दहातले सात," तो म्हणाला. "आणि मला टेबलावर घेईपर्यंत तू गप्प बसलीस?"